कोंबडा आरवायच्या आधी

समोरच्या घरात मयताजवळ लोक बसले होते आणि लिवाय ते आपल्या खोलीत पलंगावर पालथी पडून फोनवर बघत होती. मधे फक्त गल्ली. गल्लीही पाएते गावातल्या सगळ्या गल्ल्यांसारखीच, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल अशी. खिडकीतून हात लांब केला असता तर समोरच्या पडद्याला लागला असता. पण तिकडे जायला तोंड लागतं, आणि लिवायला ते नव्हतं.

गेलेल्या ओडेसाचा मामा इटलीत कामाला होता. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून घरच्यांनी शवपेटीच्या पायथ्याशी एक फोन उभा करून ठेवला होता, रात्रंदिवस चालू. सोय केली मामासाठी, पण ज्यांना ज्यांना जायची लाज वाटत होती त्या सगळ्यांनी ती आपापली करून घेतली. लिवायच्या वर्गातली निम्मी पोरं तिथंच होती. पडद्यावर खालून वर बदामांचे आणि जोडलेल्या हातांचे फुगे तरंगत जायचे आणि त्यांच्यामागे काचेखाली ओडेसा झोपलेली असायची. डेंग्यूने चौथ्या दिवशी गेली. वय सोळा.

आवाज दोनदा यायचा. आधी खिडकीतून खरा, मग थोड्या वेळाने फोनमधून, पातळ होऊन. पत्ते पिसल्याचा, शेंगदाणे फोडल्याचा, ओडेसाच्या आईच्या, आलिंग बेलेनच्या हुंदक्याचा. लिवायच्या कानांना त्याची सवय झाली होती. म्हणूनच दुपारी फोनमधून कुणीतरी हळू गुणगुणल्याचा आवाज आला तेव्हा तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. हे आधी इकडून कसं आलं नाही? ती ऐकत राहिली. खिडकीतून ते आलंच नाही.

खाली पडवीत तिया सिओन लाकडी संताचे डोळे रंगवत बसली होती. ही लिवायच्या आईची थोरली बहीण. लिवायची आई दोहात एका घरी स्वयंपाकाला, तेव्हा लिवायला वाढवलं तिनेच. गावातले पुरुष लाकूड कोरतात, पण डोळे रंगवायला मूर्ती तियाकडे येते. तिच्या हाताने देवाला दृष्टी येते आणि जिभेने माणसाची उतरते, असं गल्लीत म्हणत.

"जाऊन आलीस का समोर?" तियाने मान वर न करता विचारलं.

"बघितलं तिया. फोनवर."

कुंचला थांबला. "फोनवर म्हणजे?"

"सगळेच बघतायत. तुझा रेन्झपण."

"रेन्झचं सोड, देव अक्कल वाटत होता तेव्हा तो झोपला होता. तू सांग, तिथनं निघाल्यावर थांबलीस कुठं?"

मयताच्या घरून कुणी थेट आपल्या घरी येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आधी बेकरीत बसायचं, दुकानात डोकवायचं, काहीच नाही तर चौकात उभं राहून सरबत प्यायचं. मागोमाग कुणी आलंच असेल तर त्याची तिथल्या गर्दीत चुकामूक होते. पण जी पलंगावरून उठलीच नाही ती थांबणार कुठे?

"घरातनं निघालीस आणि घरातच पोचलीस," तिया म्हणाली. "शहाणी गं माझी बाई. आता त्या डबड्याला तरी कुठंतरी फिरवून आणा."

रेन्झ तियाचा मुलगा, लिवायच्याच वर्गातला. त्याला बेकरीत जायला निमित्तच हवं असायचं. लिवायचा फोन घेऊन गेला आणि तासाभराने पावाचा चुरा शर्टावर घेऊन परत आला.

"घे. तुझ्या फोनला बाकावर बसवलं, पान-दे-साल खाऊ घातला, दोन म्हाताऱ्यांशी ओळख करून दिली. येताना मागं वळून बघितलं, कोणी नव्हतं. अगदी सभ्यपणे एकटा आलाय."

लिवायला हसू फुटलं. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. आवाज मात्र आला नाही.

"काय गं? फुसका बार?" रेन्झ म्हणाला.

घसा कोरडा पडला असेल, असं म्हणून ती पाणी प्यायला गेली.

शिक्षक दिनाला शाळेत कार्यक्रम झाला होता, त्याला महिनाही झाला नव्हता. ओडेसा गाते हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. ती वर्गात उत्तरसुद्धा बाकाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात द्यायची. त्या दिवशी कुणी ढकललं कोण जाणे, उभी राहिली आणि तळ्यावरचे कोळी पोरांना निजवताना म्हणतात ते गाणं म्हणाली. चांगलं म्हणाली. खरंच चांगलं. मग एका उंच जागी तिचा आवाज चिरकला आणि नेमक्या त्याच क्षणी सभागृहामागच्या झुंजीच्या कोंबड्यांपैकी एकाने बांग दिली.

हसू तर शिक्षकांनाही आलं. तिथं कुणी वाईट वागलं असं म्हणता येणार नाही. वाईट झालं ते घरी आल्यावर. लिवाय पहिल्या रांगेत फोन धरून होती. तिने ते गाणं कापलं; चिरकलेला सूर, कोंबडा आणि फोनमागची तिची स्वतःची खो-खो, एवढं तीन सेकंदांचं ठेवलं आणि वर्गाच्या गटावर टाकलं. हात सरावाचा होता, एका मिनिटाचं काम. संध्याकाळपर्यंत ते शेजारच्या गावात पोचलं. रविवारी चर्चसमोरच्या तीनचाकीवाल्याच्या फोनची घंटी म्हणून वाजलं. ओडेसा शाळेच्या फाटकातून आत आली की कुणीतरी कुकूचकू करायचं. तिने काही उत्तर दिलं नाही. मग तिने कुणालाच कसलंच उत्तर दिलं नाही, आणि मग पाऊस लांबला, डास झाले, ताप आला. तापाचा आणि कोंबड्याचा काही संबंध नाही, हे लिवायला माहीत होतं. ती स्वतःला तेच सांगत असायची.

नवव्या दिवसाची प्रार्थना झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आलिंग बेलेन आली. हातात केळीच्या पानात गुंडाळलेल्या गोड भाताची, सुमानची ताटली होती. बाई आठवडाभरात निम्मी झाली होती.

"लिवाय, पोरी, तू त्या दिवशी पुढंच होतीस ना गं? फोन धरून?"

"हो."

"मग तुझ्याकडं सगळं गाणं असेल. मी सगळ्यांना मागितलं. जो तो मला कोंबडाच पाठवतोय." ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. "घरात आम्ही दोघीच. समोर बसलेल्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतं? आणि नंतर तर ती बोलायचीच राहिली. दवाखान्यातसुद्धा मानेनंच हो-नाही."

"शोधते," लिवाय म्हणाली.

शोधण्यासारखं काही नव्हतं. कापलेला तुकडा तिने मूळ गाण्याच्या जागीच साठवला होता. ते कुणी कापलं हे आलिंग बेलेनला माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं आणि तिने विचारलं नाही. ती सुमान ठेवून गेली.

दिवेलागणीला तिने तो तुकडा पुसून टाकण्यासाठी उघडला. आधी एकदा बघू, असं वाटलं. सूर चिरकला, कोंबडा आरवला. तिथं संपायला हवं होतं. ते संपलं नाही. ओडेसाने पडद्यावर आवंढा गिळला, पदर सावरावा तशी ओढणी सारखी केली आणि पुढची ओळ म्हटली.

लिवाय काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी पोर नव्हती. यंत्राला यंत्राचं कारण असतं. तिने कचऱ्याची पेटी तपासली, दुसरीकडे कुठे प्रत राहिली होती का पाहिलं, तारीख पाहिली. तारीख तीच होती. रेन्झच्या फोनवर तोच तुकडा वाजवला. तिथं कोंबड्यानंतर नेहमीसारखं संपलं. मग तिने आपला पुन्हा लावला आणि तिच्या लक्षात आलं की त्यात फोनमागचं ते खो-खो नाही. सभागृह हसतंय, तेवढी एक जागा गप्प आहे.

त्याच संध्याकाळी तिने गटावर लिहिलं, "ती कोंबड्याची क्लिप मी बनवली होती. सगळ्यांनी पुसा. बाहेर ज्यांना पाठवली त्यांनाही सांगा." एकाने विचारलं, "आता कशाला?" मग त्यानेही पुसली. पोरं तशी वाईट नव्हती. कुणीतरी आधी म्हणायची वाट बघत होती. तीनचाकीवाल्याकडे रेन्झ स्वतः जाऊन उभा राहिला. दोन-तीन दिवसांत ती क्लिप गावातून गेली.

लिवायच्या फोनातली मात्र वाढत होती. रोज दिवेलागणीला एखादी ओळ, कधी दोन, कधी पुढची, कधी चिरकण्याआधीची. ती कान लावून ऐकायची. गाणं पुढे सरकत होतं तसा ओडेसाचा आवाज मोकळा होत होता. सभागृहातलं हसणं विरत गेलं, मग कोंबडाही, पंख्याची घरघर उरली.

आई रोज संध्याकाळी फोन करायची. तिकडे तेव्हा दुपार असते, मालकिणीचं जेवण उरकून तिला थोडी उसंत मिळते.

"आवाज तुटतोय गं तुझा. खिडकीशी ये."

लिवाय खिडकीशी गेली.

"अजून तुटतोय. तिकडं वारा आहे का? हं... काय म्हणालीस? चेहरा स्वच्छ दिसतोय, पण आवाज..." आई स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "बोल ना बाळा. तुझ्या आवाजासाठी तर मी दिवसभर भांडी घासते."

शाळेत हजेरीला ती "हजर" म्हणाली आणि बाईंनी तिच्याकडे बघत तिची गैरहजेरी मांडली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने घशात उजेड टाकून पाहिलं. सगळं ठणठणीत. तिया सिओनने आल्याचा काढा केला, छातीला तेल चोळलं आणि पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही. त्यानेच लिवाय घाबरली.

गुरुवारी दुपारी तिने ते पुसायचं ठरवलं. क्लिपवर बोट दाबून धरलं. पडद्याने विचारलं, कायमचं पुसायचं? हो, नाही. बोट "हो" वर ठेवून, दाबायच्या आधी, का कोण जाणे, तिने आईला हाक मारली, "नानाय."

शब्द खोलीभर वाजला.

"कुणाला हाक मारलीस गं?" खालून तिया ओरडली. "घसा सुटला की काय?"

लिवायने बोट उचललं. "नानाय," ती पुन्हा म्हणाली. ओठ हलले, बस्स. बोट परत ठेवलं: "नानाय." खणखणीत. उचललं: काही नाही.

मग तिने रेन्झला खुणेने बोलावलं आणि त्याच्यासमोर तेच करून दाखवलं. रेन्झला थट्टा सुचली नाही.

"दाब," तो म्हणाला. "विचार कसला करतेस? दाब."

तिने फोनवर लिहून दाखवलं, आलिंग बेलेनला गाणं द्यायचंय. अजून शेवटची ओळ यायचीय.

"वेडी आहेस का? ओडेसा गेली, लिवाय. मावशी तिकडं दोहात जिवंत आहे आणि तिला तुझ्यातलं काय मिळतं? तेवढा आवाजच ना?" तो उठून उभा राहिला. "मी दाबतो हवं तर. आण इकडं."

तिने फोन पाठीमागे लपवला. खरं तर त्याचं ऐकावं असंच तिला वाटत होतं. आईचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. ती पुसणारच होती.

तेवढ्यात समोरच्या घरातून तो कोंबडा आरवला.

दोघंही दचकले. गावातून गेलेली ती क्लिप एका फोनात राहिली होती, आणि तो फोन जिचा होता तिला ती पुसायला कुणी सांगितलं नव्हतं. पडदा अर्धा सरकलेला होता. आलिंग बेलेन ओडेसाच्या पलंगावर फोन घेऊन बसली होती. तिने क्लिप लावली. ओडेसाचा अर्धा सूर आला, आणि तिने घाईने अंगठा मारला. थोडा उशीर झाला; कोंबडा आरवलाच. तिने पुन्हा लावली. अर्धा सूर. अंगठा. कोंबडा. पुन्हा. कधीतरी तिला अंगठा वेळेवर साधायचा, आणि मग ती डोळे मिटून तेवढ्याच सुराला धरून बसायची. मग पुन्हा.

रेन्झने खिडकी लावून घेतली. फोन त्याने पुन्हा मागितला नाही.

संध्याकाळी शेवटची ओळ आली.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. ओडेसा पडद्यावर हसली. लिवायने आरशासमोर उभं राहून तोंड उघडलं. कुजबुजसुद्धा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने गल्ली ओलांडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आलिंग बेलेनने दार उघडलं. मेणाचा आणि औषधाचा वास अजून घरात होता. लिवायने गाणं तिच्या फोनवर पाठवलं आणि उभी राहिली.

बाईने लावलं.

पहिल्या ओळीला तिचा हात तोंडाशी गेला. दुसऱ्या ओळीला रडं फुटलं. लिवायलाही रडू आलं. तिचं कुणाला ऐकू जाणार नव्हतं, पण बरं वाटलं. सूर उंच गेला, चिरकला नाही. कोंबडाही आरवला नाही.

मग आलिंग बेलेनचं रडणं थांबलं.

तिने फोन कानाशी नेला. डोळ्यांशी आणला. परत कानाशी नेला.

"चेहरा तिचाच आहे," ती हळूच म्हणाली.

"ओठ तिचे. ओढणी तिची." बाईने मान वर केली. "आवाज तिचा नाही, पोरी. हा कुणाचा?"

आपला आवाज फोनमधून आला की आपल्यालाच परका वाटतो. लिवायने तो रोज ऐकला होता आणि एकदाही ओळखला नव्हता. आता आलिंग बेलेन तिच्या बंद तोंडाकडे, गळ्याकडे बघत होती आणि हळूहळू तिचा चेहरा बदलला. ती खिडकीपलीकडून हा आवाज लहानपणापासून ऐकत आली होती.

तिने फोन पुढे केला. "घेऊन जा," ती म्हणाली. पण हात पूर्ण लांब झाला नाही. बोटं सुटली नाहीत.

लिवायनेही हात पुढे केला नाही.

"राहू दे?" आलिंग बेलेनने विचारलं. भुकेल्या माणसाचा आवाज होता. "मी हळूच लावीन."

लिवायला नाही म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. तिने मान हलवली, होकाराची.

घरी आली तेव्हा फोन वाजत होता. दोहाहून. तिने खिडकीशी बसून उचलला आणि आधीच लिहून ठेवलेला कागद स्क्रीनसमोर धरला: घसा बसलाय, बोलता येत नाही, तू बोल.

"नाटकं पुरे," आई म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाला? औषध घेतेस ना? नुसती बसू नकोस अशी, जीव घाबरा होतो माझा. एक शब्द बोल. हवं तर शिवी दे."

लिवायने मान हलवली. आईचे डोळे भरून आले.

समोरच्या घरात गाणं सुरू झालं. हळूच लावलं होतं, पण गल्ली अरुंद.

आईने कान टवकारले.

"हां," ती म्हणाली. "हां, आता आला." तिचा चेहरा एकदम उजळला. "लबाडे! घसा बसला म्हणे. किती वर्षांनी गायलीस गं. मीच शिकवलेलं ना हे? थांबू नकोस. आज वेळ आहे मला, म्हण सगळं."

लिवायने दोन्ही हात हलवले. फोन खाली-वर केला. ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

दोहात आईने डोक्याचा रुमाल सोडला, भिंतीला टेकली आणि ऐकायला डोळे मिटून घेतले.